बॉनेटवरची जागा

माझ्या गाडीचा रंग मॅट आहे, म्हणजे चमकत नाही. शाळेतली पाटी ओल्या फडक्याने पुसून वाळली की जशी करडी दिसते, तशी ती दिसते. हा रंग साध्या रंगापेक्षा महाग पडतो आणि सांभाळायला कितीतरी अवघड, हे आमच्या कोन गावात कुणाला पटवून देता येत नाही. गाडी घरी आली त्या दिवशी शेजारच्या पॉवरलूमच्या शेडमधला एक कारागीर बाहेर आला, बॉनेटभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "साब, कलर बाकी है क्या अभी?" आईने चष्मा कपाळावर चढवला, वाकून पाहिलं आणि त्याचीच री ओढली. "नुसतं अस्तर मारून दिलंय तुला. वरचा हात ऱ्हायला."

मग तिने दार उघडून आत पाहिलं. दोनच सीट. "मग सून काय टपावर बसंल?"

बायको म्हणाली, मला नकोच ती, मी आपली रिक्षाने येईन मागून. दोघी इतक्या हसल्या की आईला ठसका लागला. मीही हसलो. त्या गाडीपाशी उभं राहून आम्ही तिघं एकत्र हसलो ते तेवढंच.

कल्याणला एक माणूस आहे. तो फक्त गाड्यांच्या रंगाचं आणि सीटच्या कातड्याचं काम करतो. पहिल्याच आठवड्यात मी गाडी त्याच्याकडे नेली आणि त्याने मला सगळं समजावून सांगितलं. दोन बादल्या घ्यायच्या, एक साबणाची, एक नुसत्या पाण्याची. उन्हात धुवायचं नाही. वरून खाली यायचं. पुसताना फडकं घासायचं नाही, अंगावर पसरायचं, पाणी टिपायचं आणि उचलायचं. पाखराची शीट पडली तर खरवडायची नाही, ओलं फडकं ठेवून ती मऊ होईपर्यंत थांबायचं. पॉलिश नाही, मेण नाही, ब्रश नाही. "बाकी कुछ भी भूल जाओ साहब, बस रगड़ना मत. मॅट एक बार चमक गया तो चमक गया. फिर वो वापस मॅट नहीं होता." सीटचं कातडं खजुराच्या रंगाचं. त्याला आधी मऊ ब्रशने झटकायचं, मग ओलसर फडकं, मग त्याने दिलेलं मलम अगदी पातळ लावायचं आणि ते मुरेपर्यंत कुणी बसायचं नाही. तेल मात्र कधीच नाही. चमड़ा पी लेगा, म्हणाला, और काला पड़ जाएगा.

मी सगळं पाळलं. आमच्याकडे हवेत दोन गोष्टी कायम तरंगत असतात, लूममधून उडालेलं सुताचं तूस आणि डंपरने उडवलेली मुरुमाची धूळ. तूस ओल्या रंगावर बसतं आणि वाळलं की चिकटून राहतं. धूळ कोरडी पुसावी तर बारीक चरे पडतात. सकाळी शिफ्ट बदलताना शेजारचे लूम थोडा वेळ थांबतात, तेव्हा हवा जरा बरी असते. मी गाडी नेमकी तेव्हा धुवायचो. खटखट बंद पडली की मला जाग यायची. लोक आवाजाने उठतात, मी आवाज थांबला की उठायचो.

वाचणाऱ्याला वाटेल, गाडीची केवढी हौस. हौस होती, नाही म्हणत नाही. भिवंडीतल्या एका शाळेच्या ऑफिसात मी उभी हयात टेबलामागे काढली. मी बोलत नाही फारसा. तुमच्याकडून एक वाक्य काढायचं म्हणजे विहिरीत पडलेली कळशी काढायची, असं बायको म्हणते. रंगीत शर्टसुद्धा कधी अंगावर घातला नाही. असा माणूस स्पोर्ट्स कार घेतो आणि त्यातही कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही असाच रंग निवडतो. पण मी तिची एवढी निगा राखत होतो त्याचं कारण हौस नव्हतं. तेच आता सांगायचं आहे. बरेच दिवस सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नव्हतं.

मानकोलीला आमचं भाताचं खाचर होतं. आजूबाजूला गोदामं झाली, प्रत्येकाने आपापला भराव घातला, मग पाणी सगळं आमच्यात साचायला लागलं. भात लावणं कधीच बंद झालं होतं. जमीन विकली याचं मला काही वाटत नाही, आईलाही वाटलं नाही. सही करायच्या आधी तिने एकच गोष्ट सांगितली होती. "त्यो कोपरा सोडून दे त्यांना. बाकी घेऊ दे."

त्या कोपऱ्यात, बांधाला लागून, एक भेंडीचं झाड होतं, भाजीची नव्हे, खाडीकाठी वाढते ती मोठी भेंडी. त्याच्या खाली माझी बहीण पुरलेली होती. माझ्याआधीची. बारसं व्हायच्या आदल्या दिवशी ती गेली, त्यामुळे तिला नावही नाही. बारशात पाळण्याखालून फिरवतात तो वरवंटा आईने तेल लावून, कापडात गुंडाळून तयार ठेवला होता. बाळ वडिलांनी नेऊन पुरलं. आई तेव्हा बाळंतिणीच्या खाटेवर होती, तिला कुणी नेलं नाही. हिंडाफिरायला लागल्यावर ती आपली आपण गेली आणि तो वरवंटा त्या जागेवर ठेवून आली. घरात मग पाट्यासाठी दुसरा वरवंटा आणला. दर वर्षी माघात, भाताची कामं आटोपली की, ती दूधभात घेऊन तिथे जायची. वरवंट्याला हळदकुंकू लावायची, थोडं बसायची आणि परत यायची. लहानपणी मीही बरोबर जायचो. मला ते खेळासारखं वाटायचं. दूधभाताचा उरलेला घास मला मिळायचा.

जमीन घेणाऱ्याच्या माणसाने सांगितलं की गेट त्याच कोपऱ्यावर येतंय. तो कोपरा नसेल तर ट्रेलर वळणार नाही. मी म्हणू शकलो असतो की मग राहू दे. किंवा निदान, आईला विचारून सांगतो. मी म्हणालो, ठीक आहे. आणि घरी येऊन आईला सांगितलं, कोपरा सोडलाय.

हे एवढंच असतं तर मी कसंबसं निभावून नेलं असतं. पण भराव सुरू झाला त्या दिवशी मी तिथे गेलो होतो. झाड तोडून बाजूला टाकलं होतं. जेसीबीवाल्याने बकेट वर उचललं आणि तसंच धरून थांबला. त्याला गवतात तो वरवंटा दिसला होता, त्यावर जुनं कुंकू होतं. त्याने वरूनच विचारलं, "साहब, पूजा का कुछ है क्या? निकालना है तो निकाल लो." माझ्या शेजारी पांढरे बूट घातलेला, जमीन घेणाऱ्याचा तो माणूस उभा होता. तो मोबाइलमधून मान वर करून माझ्याकडे बघायला लागला. चार पावलं जाऊन वाकायचं आणि एक दगड उचलायचा, एवढंच काम होतं. मला लाज वाटली. कशाची, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी म्हणालो, "कुछ नहीं. ऐसेही पडा है. चलने दो."

त्या पैशातून मग गाडी आली. खरं सांगायचं तर, एवढं करून बसलोच आहे तर त्यातून निदान एक गोष्ट अशी यावी जिच्याकडे बघून मला बरं वाटेल, असं माझ्या मनात होतं.

आईचे गुडघे गेले आहेत. बसमध्ये चढणं जमत नाही, रिक्षातल्या धक्क्यांनी कंबर धरते. म्हणून आदल्या माघात तिचं मानकोलीला जाणं चुकलं होतं, आणि तेव्हा मी मनातल्या मनात सुटलो होतो. आता घरात गाडी आली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती म्हणाली, मागचा माघ चुकला, आता तरी मना तिकडं न्हेशील न्हवं, आता काय, दारातूनच बसायचं हाय.

मी म्हणालो, आई, रंगावर कोटिंग लावलंय, ते अजून कडक व्हायचंय. धूळ चालत नाही.

तिने लगेच मान्य केलं. वस्तू सांभाळणं म्हणजे काय ते तिला कळतं. तिच्या समया घासून, पुसून, उन्हात वाळवून मगच फळीवर जातात. पुढच्या वेळी मी सांगितलं, सीटला मलम लावलंय, मुरू दे. त्याच्या पुढच्या वेळी, राजणोली नाक्याला रस्ता खोदलाय, गाडीचं पोट घासेल. तीही मग माझ्या भाषेत बोलायला लागली. सकाळी चहा घेताना ती बायकोला विचारायची, "सुकली का गं गाडी?" बायको म्हणायची, मला काय विचारता, तुमच्या मुलाला विचारा, ती त्याची गाय आहे.

खोटं बोलायला नको म्हणून मी खरोखर मलम लावायचो. मलम लावलंय असं आईला सांगितलं की बाहेर जाऊन लावायचं, म्हणजे ते खरं ठरायचं. कल्याणच्या त्या माणसाने एकदा सीट बघितल्या आणि चक्रावला. "इतना क्रीम क्यों लगाते हो साहब? चमड़े को साँस तो लेने दो." मी म्हणालो, आमच्याकडे धूळ फार.

मध्ये एकदा मी एकटाच मानकोलीला गेलो होतो. हेही लिहूनच टाकतो. खाडीच्या बाजूला अजून कुठे भेंडीचं झाड उभं असेल, तेच आईला दाखवावं, असं माझ्या डोक्यात आलं होतं. तिला आता दूरचं धूसर दिसतं. एक झाड सापडलंसुद्धा, पाइपलाइनच्या पलीकडे. मग भिवंडीच्या बाजारात जाऊन पाट्या-वरवंट्याच्या दुकानात नुसता वरवंटा मागितला. दुकानदार म्हणाला, "पाटा घ्या, वरवंटा सुटा मिळत नाही. नुसता वरवंटा कशाला पाहिजे तुम्हाला?"  तो उत्तराची वाट बघत होता, म्हणून मी निघून आलो. पाटा घेतला असता तर काम झालं असतं. मी अगदी त्या टोकापर्यंत गेलो होतो, एवढंच सांगतो.

माघ लागला. आईने त्या वर्षी आठवण करून दिली नाही. तिने दुसरंच केलं.

शाळेतून परत आलो तर गाडीवरचं कापड काढलेलं. आई पडवीच्या पायरीवर पाय पसरून बसली होती, हात काळे, कपाळ घामेजलेलं. तिच्याजवळ नारळाच्या तेलाची वाटी, वस्त्रगाळ केलेली बंबातली राख आणि तिच्या जुन्या लुगड्याचा बोळा. समया घासते तसं तिने बॉनेट घासलं होतं. दिवसभर घासलं असणार. मधोमध, परातीएवढ्या भागात, गाडी लखलखत होती. बाकी सगळी पाटीसारखी करडी, आणि मध्ये हा एवढा आरसा. त्यात पडवीच्या पत्र्याची कड आणि माझं तोंड दिसत होतं.

मी दार उघडलं. डावीकडची, म्हणजे ती बसणार होती ती सीट तिने तेलाने चोळली होती. कातडं तेल प्यायलं होतं आणि जागोजागी काळं पडलं होतं. न्हाऊ घालायच्या आधी तान्ह्या मुलाला चोळतात ना, तसं चोळल्याचं दिसत होतं. शिवणीतसुद्धा बोट फिरवलेलं.

"चमकली न्हवं?" ती म्हणाली. "तुज्याच्यानं व्हत न्हवतं, म्हनून मी केलं. आता जायाला काय हरकत हाय?"

मी तिच्यावर ओरडलो नाही. ओरडलो असतो तर बरं झालं असतं. मी फडकं घेतलं, ओलं केलं आणि तिच्यादेखत त्या चमकणाऱ्या जागेवर ठेवलं. टिपलं. उचललं. पुन्हा ठेवलं. साबण आणला. ज्या माणसाला घासायचं नाही हे तोंडपाठ होतं, तो घासायला लागला. जेवढं घासलं तेवढी ती जागा आणखी चमकली आणि कडेने आणखी पसरली. बायको बाहेर आली, बॉनेट बघून आत गेली. मी कल्याणला फोन लावला. त्याने फोटो पाठवायला सांगितला, मी पाठवला. मग म्हणाला, साहब, मैंने बोला था. पूरा बॉनेट नया पेंट करना पड़ेगा, और फिर भी मैच नहीं होगा.

फोन स्पीकरवर होता. आईला हिंदी कळतं, उभा जन्म भिवंडीत गेलाय.

ती उठली. भिंतीला धरून माझ्याजवळ आली. मला वाटलं, मला काहीतरी बोलेल. तिने हात जोडले. खरंच जोडले, राख लागलेले दोन्ही हात, माझ्यासमोर.

"चुकलं माजं," ती म्हणाली. "मना म्हायती न्हवतं रं. मी बिघडवली. आता तू काय मना न्हेयाचा न्हाईस."

माझ्या आईने माझी माफी मागितली. मी काय केलं ते मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. आणि ती माझ्यासमोर हात जोडून उभी होती.  मी तिचे हात खाली केले आणि म्हणालो, उद्या जाऊ. सकाळीच जाऊ.

सकाळी ती हिरवं लुगडं नेसली होती. डब्यात दूधभात, पिशवीत हळदकुंकवाचा करंडा आणि एक नारळ. गाडीत बसवताना मला तिला जवळजवळ उचलून खाली ठेवावं लागलं, एवढी ती सीट खाली आहे. चपला तिने बाहेरच काढल्या आणि हातात घेतल्या. "एवढं करून जमिनीवरच बसायचं हाय तर पाट काय वाईट व्हता," म्हणाली. तिने गाडीतली प्रत्येक गोष्ट दुरूनच पाहिली, कुठे हात लावला नाही. काल तिने हात लावून बिघडवलं होतं, म्हणून. डबा मांडीवर घेऊन दोन्ही हात डब्यावर ठेवून बसली होती, तिकिटाशिवाय बसलेल्या माणसासारखी.

वाटेत सांगायचं असं मी ठरवलं होतं. कोनच्या बाहेर पडल्यावर सांगू, म्हटलं. मग राजणोलीला. राजणोलीला दोन्ही बाजूंनी ट्रेलर उभे होते, त्यांची चाकं आमच्या खिडकीच्या वर. त्यांच्या मधल्या गल्लीत आम्ही तळाला बसलेलो. आई काचेतून ती चाकं बघत होती. ती म्हणाली, त्या झाडाला आता फुलं आली असतील, पिवळी. मी गिअर बदलला.

मानकोलीला गोदामांच्या भिंती सारख्याच दिसतात. पांढरी भिंत, निळा पत्रा, मग पुन्हा पांढरी भिंत. आमच्या कोपऱ्यावर झालेल्या गेटसमोरून मी गेलो आणि थांबलो नाही. आई म्हणाली, अजून पुढं असंल, खाडीचा बांध लागला न्हाय. मी पुढे गेलो. रस्ता संपला, मी वळलो. परत त्याच गेटसमोरून गेलो. आई आता पुढे वाकून काचेच्या अगदी जवळ जाऊन बघत होती. "हितं येक विजेचा खांब व्हता," ती म्हणाली. "वाकडा. तो बी दिसंना." मी पुन्हा वळलो आणि गेटच्या बाजूला गाडी थांबवली. इंजिन बंद केलं.

"आय," मी म्हणालो. तिला असं मी शाळेत जायला लागल्यापासून म्हटलं नव्हतं. "आय, हेच ते. इथंच होतं."

तिने गेटकडे पाहिलं. आत एक कंटेनर उलटा लागत होता, त्याचा भोंगा पी-पी वाजत होता.

"झाड?"

"तोडलं."

"तू व्हतास?"

"होतो."

कंटेनर लागला, भोंगा थांबला. 

"वरवंटा?"

"खाली आहे. भरावाच्या खाली. वर सगळं काँक्रीट आहे." मग मी जे कधीच कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "जेसीबीवाला थांबला होता. त्यानं विचारलं, काढायचा आहे का. मी नको म्हटलं."

ती रडली नाही.  तिने दाराची कडी शोधली, तिला ती सापडेना, म्हणून मी पलीकडून जाऊन दार उघडलं. मी हात पुढे केला तो तिने घेतला नाही. दाराची कड धरून, एक गुडघा टेकून, ती आपली आपण वर आली. त्याला फार वेळ लागला. तोपर्यंत वॉचमन गेटमधून बाहेर आला होता. गाडी हटाइए, म्हणाला, पीछे गाडी आ रही है. मग त्याने आईकडे पाहिलं, तिच्या हातातला डबा पाहिला, आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "माताजी को किससे मिलना है?" मी दार लावून घेतलं. तो दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला.

आईने गेटच्या आतल्या काँक्रीटकडे एकदा पाहिलं, मग खाली, स्वतःच्या पायांखालच्या डांबराकडे. कुठे ठेवायचं ते तिला कळत नव्हतं. ती हळूहळू गाडीच्या पुढे आली आणि कालच्या त्या चमकत्या जागेसमोर थांबली.

"त्या जागेचीच ही गाडी न्हवं?"

मी हो म्हणून मान हलवली.

तिने करंडा उघडला. बॉनेटच्या मधोमध हळद लावली, मग कुंकू. डब्यातला दूधभात तिने चार बोटांनी तिथे ठेवला. नारळ फोडला नाही, नुसता टेकवून ठेवला. दूध वाहत पुढे आलं, नाकावरून नंबर प्लेटवर टपकायला लागलं. बॉनेट तापलेलं होतं, दुधाची साय धरत होती. ती तिथे उभी राहिली, दरवर्षी बसायची तेवढा वेळ. मग उरलेला घास तिने बोटांवर घेतला आणि माझ्यासमोर धरला. लहानपणी द्यायची तसाच. मी तो खाल्ला. 

मी गाडीचं दार उघडून धरलं. तिने नाही म्हणून मान हलवली.

"मी न्हाय बसायची आता हिच्यावर."

नाक्याच्या बाजूने एक रिक्षा येत होती, तिला तिने हात केला. कोन, म्हणाली. कंबर धरेल, मी म्हणालो. तिने ऐकलं नाही असं केलं. वॉचमनने पुढे होऊन तिला चढायला हात दिला, तो तिने घेतला.

मी तिच्या रिक्षाच्या मागे मागे आलो. अख्खी वाट. दूध वाऱ्याने काचेवर आलं होतं, वायपर फिरवले तर काच पांढरी झाली. त्या पांढऱ्यातून रिक्षाच्या बाहेर आलेलं, हिरव्या पदरातलं तिचं कोपर दिसत होतं. प्रत्येक खड्ड्याला ते कोपर आत जायचं आणि पुन्हा बाहेर यायचं.

बायकोला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. ती म्हणाली, विकून टाका ती. पण विकू कशी? एकदा विकून झालंय. आणि घेणार तरी कोण, बॉनेटच्या मधोमध आरसा असलेली गाडी.

गाडी पडवीसमोरच उभी असते, मी चालवत नाही. आई माझ्याशी बोलते, जेवायला वाढते, भाजी कशी झाली विचारते. त्या विषयावर अवाक्षर काढत नाही. मी वाट बघतो. जेवताना, चहा घेताना, ती हाक मारते तेव्हा मला दर वेळी वाटतं, आता बोलेल. एकदा बोलली तर मी पुढे काहीतरी करू शकेन असं मला वाटतं. ती बोलत नाही. सकाळी परसातलं एक फूल आणून बॉनेटवर ठेवते आणि आत जाते. हळदीने रंग आधी पिवळा पडला, दूध जिथून वाहिलं तिथे पांढरट ओघळ खोल गेले आहेत. पाकळी रात्रभर राहिली की तिचा डाग उठतो. कातड्याला मी मलम लावणं सोडलं तशी डावी सीट तेलाच्या कडेने तडकायला लागली आहे.

शिफ्ट बदलताना लूम थांबले की मला अजून जाग येते. आज बाहेर गेलो तर फुलावर आणि त्याच्या भोवती सगळीकडे सुताचं तूस बसलं होतं, पांढरं, मऊ. मी बादली भरली, फडकं पिळलं. एवढं तूस तरी टिपून घ्यावं, घासायचं नाही, नुसतं टिपायचं, म्हणून वाकलो.

आई ताजं फूल घेऊन मागे उभी होती.

"पुसू नको," ती म्हणाली.

लूम पुन्हा सुरू झाले. ती आत गेली तरी मी फडकं हातात घेऊन तिथेच उभा होतो. त्यातलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं, तेव्हा कुठे मी ते बादलीत टाकलं.